मिरचीच्या पथारीवर डाकोटा

युद्ध संपून थोडाच काळ झाला होता. मी तेव्हा उतारू नेणाऱ्या डाकोटा विमानावर सहवैमानिक होतो. कॅप्टन पंजाबी, माझ्यापेक्षा बराच मोठा आणि कमालीचा शांत. विमान कोसळतंय हेही त्याने चहा मागावा तशा आवाजात सांगितलं असतं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी तापीवरून जाताना डाव्या इंजिनाच्या तेलाच्या दाबाचा काटा घसरत खाली आला. कॅप्टनने ते इंजिन बंद केलं. डाकोटा एका इंजिनावरही उडतं, पण कॅप्टनला तसं फार लांब जायचं नव्हतं.

"इधर कहीं उतर सकते हैं?"

माझं आजोळ तिथून जवळच, रनाळ्याला. गावाबाहेरचा एक माळ सैन्याने युद्धात विमानांसाठी सपाट करून घेतला होता आणि नंतर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. मी तो दाखवला. वरून माळ लालभडक दिसत होता. मुरूम छान टाकलाय, असं कॅप्टन म्हणाला.

आम्ही कमी उंचीवरून एक चक्कर मारली. माळावरची माणसं बांधाकडे पळाली. मी चाकं खाली सोडली, तर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. कॅप्टनने इंजिनाचा जोर कमी करताच भोंगाही सुरू झाला. चाकं पक्की बसली नाहीत, की ओरडायचं, एवढंच त्याचं काम.

"तुम्हारा पहिया?"

मी खिडकीतून वाकून पाहिलं. "नीचे है."

"मेरा भी. ये झूठ बोल रहा है."

भोंगा मात्र थांबेना. उतारूंमधल्या एका शेटजींनी घाबरून आमच्या कॉकपिटचं दार उघडलं. "कुछ नहीं, पहुँच गये. बैठिये," कॅप्टन म्हणाला. शेटजी होते तिथेच, दारात, मांडी घालून बसले.

जमीन अगदी जवळ आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रनाळ्याची जमीन काळी. लाल मुरूम आला कुठून?

"मिर्ची!" मी ओरडलो.

"कौनसा मीटर?" भोंग्याच्या गोंगाटात कॅप्टनने विचारलं, आणि आम्ही टेकलो.

गावाने त्या माळावर पथारी घातली होती. वाळवणाची मिरची या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. चाकांनी ती चुरली, पंख्याने उडवली. विमान थांबलं तेव्हा आत सगळे शिंकत, खोकत, ढसाढसा रडत होते. आम्ही धडपडत खाली उतरलो. भोंगा बंद करायचं कुणाला सुचलंच नाही.

लाल धुरळ्यातून उपरणं नाकाला लावलेला एक माणूस काठी परजत आला. "मन्ह्या मिरच्या! कोन शे रे तो?"

तो माझा मामाच होता. मला पाहून काठी खाली आली.

"तू शे का भाचा? आनि हाऊ काय बोंबली ऱ्हायना?" भोंग्याच्या आवाजाकडे काठी करत त्याने विचारलं.

"मामा, चाकं खाले उनात नहीत, आसं सांगी ऱ्हायना तो."

मामाने वाकून दोन्ही चाकं खाली आलीत का ते नीट पाहिलं. "मंग तेले सांग ना, उनात म्हनीसन!"

मी आत जाऊन बॅटरीचा खटका बंद केला, तेव्हा कुठे भोंगा थांबला.

विखुरलेली मिरची गोळा झाल्याशिवाय मामाने कुणाला हलू दिलं नाही. शेटजींनी धोतराचा ओचा भरला, कॅप्टनने टोपी भरली. मग मामीने सगळ्यांना भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं आणि उतारू बैलगाड्यांतून नंदुरबार स्टेशनकडे गेले.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने मेकॅनिक आला. इंजिन ठणठणीत निघालं. बिघडला होता तो काटा. चाकाच्या दिव्याचा खटकाही वाळल्या चिखलाने अडकला होता.

गावाने मिरच्या बाजूला ओढून विमानाला वाट करून दिली. निघायच्या वेळी कॅप्टनने टोपी झटकून घातली आणि त्याच हाताने डोळे चोळले. पुढे त्याला काही दिसेना. ओला रुमाल डोळ्यांवर धरून तो माझ्या जागी बसला. "तुम उड़ाओ."

मामाच्या गावासमोर कॅप्टनच्या खुर्चीवरून मी पहिल्यांदा विमान उचललं. छाती अभिमानाने भरून आली होती. वळण घेताना खाली पाहिलं. वर कुणीच बघत नव्हतं. सगळे मिरच्या परत पसरत होते.