वरच्या आळीचं पाणी

नळयोजना आली तेव्हा घरोघरी वर्गणी काढून पाइप टाकले, टाकी बांधली, आणि मग प्रश्न उभा राहिला की पाणी सोडणार कोण? बैठकीत बरीच हमरीतुमरी झाली. शेवटी समितीचा प्रमुख, जो किराणा दुकान चालवायचा, म्हणाला, "चावी आपल्या गवंडीदादांकडे द्या. हा माणूस स्वतःच्या बायकोलासुद्धा एक तांब्या जास्त सोडणार नाही."

सगळे हसले. मागे बायकांत बसलेली गवंड्याची बायकोही हसली. त्या दिवसापासून तो चावीवाला झाला आणि ती चावीवाली.

त्यांचं घर वरच्या आळीत, चढाच्या टोकाला. खालच्या आळीत नळ धो धो वाहायचे. वर पोचेपर्यंत पाण्याला धापच लागायची. नळ आधी बराच वेळ नुसता फुसफुसायचा, मग करंगळीएवढी धार धरायचा आणि हंडे भरतात न भरतात तोच बंद. खालची चावी जरा आवळली असती तर वर जोर आला असता. पण चावीवाल्याला एकच धास्ती, लोक म्हणतील घरच्यासाठी केलं. म्हणून वरच्या आळीची वेळ संपायच्या जरा आधीच तो चावी फिरवून मोकळा व्हायचा.

"नवरा चावीवाला आणि तुमच्याच घरात कोरडं?" शेजारणी विचारायच्या. ती हसण्यावारी न्यायची. आतून मात्र धुमसत असायची.

कमी पडलेलं पाणी ती खालच्या आळीतल्या जावेच्या नळावरून आणायची. थोरली जाऊ दार उघडायची, पण दाराबरोबर तोंडही उघडायची. "भाऊजींना म्हणावं, प्रामाणिकपणा तुमचा आणि उंबरा झिजतोय आमचा." चावीवाली मुकाट्याने हंडा उचलायची. बोलून करते काय, उद्या पुन्हा यायचंच होतं.

एका वर्षी बैठकीला इंजिनियर आला. वर एक लहान टाकी बांधा, छोटी मोटर बसवा, तो म्हणाला. पाणीपट्टी थोडी वाढवली तर दोन-तीन वर्षांत पैसा उभा राहील आणि दुरुस्तीलाही गाठीशी काही राहील.

"आमच्या नळाला पाणी येतंय. मग आम्ही कशाला जास्त भरायचं?" खालच्या आळीतून कोणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. वरची घरं मुळात थोडी, त्यांचा आवाज त्याहून थोडा. चावीवालीने नवऱ्याकडे पाहिलं, डोळ्यांनी खुणावलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत बसला.

चढ चढताना तिने विचारलंच. "तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"माझं घर वर आहे. मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, स्वतःसाठी बोलतोय."

"मग वरच्यांसाठी बोलणार कोण? खालचे?"

तो झपाझप पुढे निघून गेला. टाकीचा विषय पुढच्या वर्षावर गेला, तिथून त्याच्या पुढच्या.

मुलगी लग्न होऊन गेली, चावीवालीचे केस पिकले, कंबर वाकली. हंडा मात्र सुटला नाही. एका सकाळी जावेकडून परतताना चढावर तिचा पाय घसरला. कळशी ठणठणत थेट खालच्या आळीपर्यंत गेली. ती होती तिथेच पडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले, काठी आता कायमची, आणि वजन उचलायचं नाव काढायचं नाही.

मग पाणी त्याच्यावर आलं. पहिल्याच दिवशी दोन कळश्या घेऊन तो आला आणि दारातच बसला. छाती भात्यासारखी हलत होती. आत खाटेवरून ती बघत होती.

"एवढं लांब आहे?" तो म्हणाला.

रस्ता तोच होता. पण त्याने जन्म काढला होता तो रिकाम्या हातांनी त्यावरून जाण्या-येण्यात. तिने भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला आणि कधी नाही ते भडाभडा बोलला. टाकी, मोटर, पाणीपट्टी, वरच्या बायकांचे हाल, सगळं. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, इतकी वर्षं चावी तुमच्या हातात होती आणि तुम्ही गप्प होतात. आता घरची बाई पडली, म्हणून टाकी आठवली का?"

या वेळी कोणी हसलं नाही. चावीवाल्याने चावी टेबलावर ठेवली आणि तो निघून आला. घरी त्याने एक अक्षर काढलं नाही. तिला कळलं ते जावेकडून. भाजीचा डबा घेऊन जाऊ आली, सांगता सांगता रडायलाच लागली. "मी तरी बोलायचं होतं गं. मी तर खालचीच होते."

चावी दुकानदाराच्या पुतण्याकडे गेली. त्याला जाग येईल तेव्हा पाणी सुटायचं. वरच्या आळीत ते पोचेनासं झालं, तसं एकेका घराला कुलूप लागलं. या दोघांनीही खाली भाड्याने दोन खोल्या घेतल्या. वर उरलेले म्हणाले, पाणीच नाही तर पट्टी कसली? पट्टी थांबली, पंप दुरुस्तीवाचून कुरकुरू लागला आणि खालच्या नळांची धारही बारीक झाली. टाकी बांधायची तर आता वर माणसं तरी किती, असं समितीत म्हणत होते.

नव्या खोलीत एका दुपारी तो बादलीची सुटलेली कडी बसवत होता. ती खाटेवर बसली होती. तिने सहज विचारावं तसं विचारलं, "खरं सांगा. कधीच वाटलं नाही? आपल्या आळीची चावी थोडा वेळ आणखी उघडी ठेवावी?"

त्याचे हात थांबले.

"रोज वाटायचं," तो म्हणाला.

"कधीच नाही" म्हणाला असता तर तिने ते पचवलं असतं. माणूसच तसा, त्याला दिसतच नाही, अशी इतकी वर्षं तिने मनाची समजूत घातली होती. ती काठी घेऊन उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. जेवायला वाढलंय म्हणून तो दोन-तीनदा हाक मारून गेला. ती आत आली तेव्हा अन्न निवलं होतं. रोज ती त्याच्या समोर बसायची. त्या दिवशी ताट उचलून ती दुसऱ्या खोलीत गेली.