इराणी घोडेस्वाराचा पायजमा

गेल्या डिसेंबरात मुलीच्या शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं. नववीच्या मुलांनी जुन्या काळातली माणसं होऊन उभं राहायचं आणि येणाऱ्यांना आणि परीक्षकांना आपल्या कपड्यांची माहिती द्यायची. सगळ्यांनी राजे-राण्या निवडल्या. आमच्या मुलीने निवडला प्राचीन इराणचा घोडेस्वार. पोशाख नीट नसेल तर उभं राहू देणार नाही, असं तिच्या बाईंनी बजावलं होतं, आणि भाषण तर तिने महिनाभर घोकलेलं.

मी आधी मापं काढली. घोट्याशी घट्ट पायजमा, लांब बाह्यांचा झगा, कान झाकणारी टोपी. टोपीचं काम माझ्या माकडटोपीवर भागलं. पण आमच्या पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, डिसेंबर म्हणजे नाटकांचा हंगाम. आमच्या मूल गावातला एकही शिंपी मोकळा नव्हता. शेवटी मुलीला घेऊन नाटकांना पोशाख भाड्याने देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे गेलो.

"पौराणिक का ऐतिहासिक?" त्याने विचारलं. त्याच्याकडे दोनच प्रकारच्या पेट्या.

"इराणी," मी म्हणालो. "अडीच हजार वर्षांपूर्वीचा."

"मंग पौराणिक. पितांबर घेऊन जा."

"पितांबर नेसून घोड्यावर कसा बसेल?"

"भाऊ, नाटकात घोडा कुठी असते?"

मुलगी मध्ये पडली. इराण्यांच्या दरबारात घोळदार झगा असायचा. पायजमा आला तो घोड्यावर फिरणाऱ्या भटक्या टोळ्यांकडून. ग्रीक लोक त्या पायजम्याला हसायचे. पुढे त्यांच्याच राजाने इराण जिंकला तेव्हा त्याने इराणी झगा अंगावर घेतला, पायजमा मात्र घेतला नाही. "म्हणून काका, मले ऐतिहासिकमधला चुडीदार द्या आन् पौराणिकमधली ऋषीची कफनी."

"सेट तुटत नाई, बेटा. तोडला का गदा एकीकडं, मुकुट एकीकडं. मंग भीम स्टेजवर हात हालवत उभा राह्यते."

"त्या राजानं तोडला न सेट."

"त्यानं भाड्यानं नेला होता काय?"

दोन्ही सेट पूर्ण घेतले. बाजारातून स्कूटरवर गदा आडवी धरून येताना भेटेल तो विचारत होता, "कोन्त्या नाटकात हाव भाऊ?"

प्रदर्शनाच्या दिवशी बाईंनी मुलीला वरून खाली न्याहाळलं. "खाली नवरदेव, वर साधू. यात इराण कुठे आहे?" मुलीने भटक्यांपासून सगळं सांगितलं. बाई थकल्या आणि राहा उभी म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

तिच्या शेजारी ग्रीक झालेली मुलगी होती. अंगावर सेफ्टी पिनांनी अडकवलेली पांढरी चादर, दंड उघडे, आणि सकाळची थंडी. परीक्षक वर्गात शिरले तेव्हा पाहतो तर कफनी त्या ग्रीक मुलीच्या अंगावर, आणि आमचा घोडेस्वार चुडीदारावर शाळेचं स्वेटर घालून उभा.

मी व्हरांड्यातल्या खिडकीतून हळूच मुलीला म्हणालो, "कफनी माग तिला."

"कुडकुडत होती ती, बाबा. आन् ग्रीक बायका पण इराणी बाह्यांचे झगे घालत. मी सांगते न त्यांना."

परीक्षक ग्रीक मुलीसमोरच थांबले. "तू इराणी का?"

ती घाबरून हो म्हणाली.

मुलीने माकडटोपी सावरली, एक पाऊल पुढे आली आणि दोघींच्या कपड्यांचं मिळून सांगायला लागली. पाठ केलेल्यातलं त्यात एक वाक्य नव्हतं. परीक्षक ऐकत उभे राहिले. मी मात्र डोकं धरून व्हरांड्यात बसलो.