धुराचं चलान

सातव्या मजल्यावरची हिरवी नेट पेटली, तेव्हा मी खाली प्रोजेक्ट मॅनेजर खन्ना साहेबांच्या केबिनमध्ये त्याच नेटवरून भांडत होते. हे मी विनोदाने सांगत नाही. ग्रेटर नोएडातल्या एका टॉवरच्या साइटवर मी सेफ्टी ऑफिसर आहे, आणि बरीच वर्षं एकच गोष्ट वेगवेगळ्या साहेबांना सांगते आहे.

नेट म्हणजे बांधकामाभोवती गुंडाळलेली प्लास्टिकची जाळी. धूळ बाहेर उडू नये म्हणून ती लावावीच लागते. त्यात चूक काही नाही, माझाही मुलगा याच हवेत खोकतो. पण ही जाळी काडी लावली की भडाभडा पेटते. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर आमचे लोक बाल्कनीच्या रेलिंगचं वेल्डिंग करतात.

"सर, जहाँ वेल्डिंग है, सिर्फ उतनी नेट उतारके टीन लगा दीजिए."

"मॅडम, इन्स्पेक्टर को नेट दिखनी चाहिए. नहीं दिखी तो काम बंद. पोल्युशन की बंदी में पहले ही लेट हो गए हैं."

"और आग लगी तो?"

"आप हो ना," साहेब म्हणाले, आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

तोवर मी माझ्यापुरता एक तोडगा काढला होता. वेल्डिंगसाठी रोज परवानगी लागते, तिला हॉट वर्क परमिट म्हणतात. त्यात मी अट घातली होती की आधी नेट भिजवायची आणि शेजारी एक माणूस पाण्याचा पाइप घेऊन उभा राहील. हा फायर वॉच. ठिणग्यांकडे बघत राहणं एवढंच त्याचं काम. पण नुसता उभा असलेला माणूस साइटवर कुणाला बघवत नाही.

वॉकीटॉकीवर निनादचा आवाज आला. निनाद आमचा साइट इंजिनिअर, दिल्लीतच वाढलेला मराठी मुलगा.

"मॅडम, सातव्यावर नेटला आग लागलीय!"

मी बाहेर धावले. जाळ वर चढत होता आणि वितळलेलं प्लास्टिक खाली गळत होतं. निनाद गेटजवळ उभा होता.

"फायर वॉच कुठेय?"

"इथेच, गेटवर. इन्स्पेक्टर येणारेत ना, रस्त्यावर पाणी मारायला मीच बोलावलं. बस, दहा मिनिटांचं काम होतं, मॅडम."

त्याला झापायला वेळ नव्हता. सहाव्या मजल्यावर, आगीच्या बरोबर खाली, शकील आणि त्याचे पेंटर होते. पेंटर म्हटले की थिनरचे डबे आले. पेटतं प्लास्टिक त्यांच्यावर पडलं असतं तर पुढचं बोलायला नको. मी शकीलला फोन लावला.

"शकील भाई, ऊपर आग है. सबको लेकर पीछे की सीढ़ी से उतरो. अभी."

"मॅडम, बाल्कनी में सामान..."

"सामान छोड़ो!"

आता पाणी हवं होतं, आणि फायर वॉचचा बारीक पाइप एवढ्या जाळाला पुरणार नव्हता. टॉवरमध्ये आग विझवायची पाइपलाइन बसवलेली आहे. तिच्यात पाणी मात्र इमारत ताब्यात देताना सोडायचं, असं मीटिंगमध्ये ठरलेलं. भरलेली मोठी टाकी फक्त अँटी-स्मॉग गनची होती. ही गन म्हणजे मोठ्या पंख्याने पाण्याचे तुषार उडवणारी तोफ. इन्स्पेक्टर येणार म्हणून ती गेटवर जोरात चालू होती.

"निनाद, गन इकडे आण. आजूबाजूची नेट भिजव, म्हणजे आग पसरणार नाही."

"अच्छा, पण साहेबांना विचारू का?"

"नको."

गनने शेजारची नेट चिंब केली. आठव्या मजल्यावरच्या सुतारांनी वरच्या दोऱ्या कापल्या. पेटती जाळी रिकाम्या केलेल्या जागेत खाली पडली आणि तिथे ती आम्ही आग विझवायच्या सिलिंडरांनी विझवली. पेंटर उतरले. त्यांच्यात शकील नव्हता. मी मागच्या जिन्याकडे धावले. थोड्या वेळाने तो हात छातीशी धरून आला. थिनरचे डबे बाल्कनीतून आत सारत असताना वितळलेली नेट त्याच्या पंजावर पडली होती. डबे जळाले असते तर ठेकेदार ओरडला असता, असं तो म्हणाला. मी त्याच्यावर ओरडले, आणि मग मला रडू आलं.

एव्हाना आलेले प्रदूषण खात्याचे इन्स्पेक्टर हे सगळं गेटवरून बघत होते. त्यांनी दंडाचं चलान फाडलं, उघड्यावर प्लास्टिक जाळून धूर केल्याबद्दल.

"सर, जलाया नहीं, जल गया," खन्ना साहेब म्हणाले.

"धुआँ तो हुआ ना?"

हॉस्पिटलात शकीलच्या हाताचं ड्रेसिंग चाललं होतं. मी शेजारी बसले होते. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, चलान में मेरा नाम तो नहीं है?"

नव्हतं. त्याच्या हाताचाही उल्लेख नव्हता.

दुसऱ्या दिवशी खन्ना साहेबांनी आपणहून ऑर्डर काढली. वेल्डिंगच्या जागी नेट उतरवून टीनचा पत्रा लावायचा, फायर वॉचला हलवायचं नाही. "धुआँ बिल्कुल नहीं होना चाहिए," असं त्यांनी बजावलं. इतके महिने मी माणसांच्या जिवाचं सांगत होते, ते कुणाच्या कानात शिरलं नाही. राग आला, पण भांडायचं त्राण नव्हतं.

आता मी काहीही मागायचं असलं की कारणाच्या रकान्यात 'धूर होईल' असं लिहिते. साहेबांची सही लगेच मिळते.