पिहूला मी सोडलं होतं, मावशीनं नाही

सुमनमावशी आज सकाळी गेली. बारा वर्षं जी चूक तिच्या नावावर होती, ती माझी होती.

दुर्गजवळच्या मरोद्यात ज्यांची लेकरं तिच्या पाळणाघरात, त्या झूलाघरात वाढली, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पूर्ण वाचा. मग मला अनफ्रेंड करायचं तर करा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बारावीनंतर बालसंगोपनाचा कोर्स करत होते आणि प्रॅक्टिकलला मावशीकडे लागले होते. दोन खोल्या, पुढे अंगण, बारा लेकरं. आईबाप स्टील प्लांटमध्ये नाहीतर रेल्वेत ड्यूटीवर.

पहिल्याच दिवशी एका रडणाऱ्या पोराला मी हाताला धरून वर उचललं.

"हाताले धरून नको उचलू वं! कोपर निखळन त्याचं. काखेत हात घाल."

अशी शिकवायची. दूध आधी आपल्या मनगटावर टाकून बघ. दर अर्ध्या तासानं डोकी मोज. सकाळी रडणाऱ्या लेकराला "रडू नको" म्हणायचं नाही, आई किती वाजता येणार ते सांगायचं.

"त्याले घड्याळ समजते का मावशी?"

"घड्याळ नाही समजत. आपण खोटं बोलून राहिलो का, ते समजते."

आणि रजिस्टरमध्ये ज्याचं नाव, त्याच्याच हातात लेकरू द्यायचं.

पिहूच्या नावापुढे (नाव बदललंय) लाल पेननं लिहिलं होतं: फक्त आई.

तीन वर्षांची होती. आईबाप वेगळे राहायचे, कोर्टात केस चालू होती. आई वंदनाताई, चरोद्याला रेल्वेच्या ऑफिसात. मावशीनं मला दोनदा बजावलं होतं, "पिहूले तिच्या मायशिवाय कोणालेच नाही द्यायचं. बाप आला तरी नाही."

त्या दुपारी मावशी बँकेच्या कामाला सिविक सेंटरला गेली. "अर्ध्या तासात आलीच मी," म्हणाली.

बेल वाजली.

गेटवर पिहूचा बाप. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. "मम्मी ने भेजा है. आज उसका हाफ डे है."

रजिस्टर माझ्यापासून चार पावलांवर होतं. खोटं बोलणार नाही. लाल अक्षरं मला आठवली.

पण पिहू "पापा!" ओरडत धावत आली आणि तिनं गेटच्या गजांतून दोन्ही हात बाहेर काढले.

मला वाटलं, जे लेकरू असं धावतं, त्याला कोणापासून वाचवायचं?

मी कडी काढली.

तिला सँडलही मीच घातले. पट्टा घट्ट झाला म्हणून एकदा सैल करून दिला.

"दीदी को बाय बोलो."

ती बाय बोलली.

मावशी परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं डोकी मोजली. "अकरा. पिहू कुठं हाय?"

मी सांगितलं. ती तशीच अनवाणी, उन्हात, चौकापर्यंत धावत गेली.

तो केव्हाच निघून गेला होता.

वंदनाताई आल्या तेव्हा मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "मी दिलं तिच्या बापाले. चूक माझी हाय."

वंदनाताईंनी तिच्या थोबाडीत मारली.

मी मागे उभी होते. हातात कोणाची तरी दुधाची बाटली.

पोलीस ठाण्यातही मावशीनं तेच सांगितलं.

अकरा दिवस.

पिहू गोंदियाला सापडली, बापाच्या बहिणीकडे. अंगावर ओरखडाही नव्हता. पण बोलायची बंद झाली. आईची ओढणी मुठीत धरून बसायची. आई बाथरूमला गेली तरी किंचाळायची.

महिन्याभरात सात लेकरं झूलाघरातून काढून नेली. भाजी घेताना बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. "हेच ते मावशी. लेकरू देऊन टाकलं इनं."

मावशी भाजी निवडत राहायची.

एकदा दुपटी घडी करताना मी विचारलं, "मावशी, असं कायले सांगितलं?"

"ट्रेनीले एकटं सोडून जायचं नसते. मी गेली. माझं होतं ते मी सांगितलं." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "तुझं तुले जमन तवा तू सांगजो."

त्यानंतर तिनं तो विषय कधीच काढला नाही. मला कोर्स पुरा करायला लावला. मी सोडते म्हटलं तेव्हा फक्त एवढं म्हणाली, "आता तं सोडूच नको."

मी दुर्गला नर्सरी टीचर झाले. वर्गात चौदा मुलं असली तरी मी पंधरावं शोधते. बाकाखाली बघते, बाथरूमचं दार उघडून बघते. सोबतच्या टीचर हसतात.

सुट्टीच्या वेळी गेटवर कोणी मूल "पापा!" ओरडलं की मी आधी गेटची कडी घट्ट धरते. रोज. अजूनही.

एकदा चरोद्याला वंदनाताईंच्या क्वार्टरपर्यंत गेले होते. आतून टीव्हीचा आवाज येत होता. दारापर्यंत गेलेला हात खाली घेतला आणि परत आले.

दिवाळीला मावशीकडे जायचे. ती चहा करायची, वर्गातल्या पोरांबद्दल विचारायची. 'सांगितलं का?' असं आज विचारेल, आज विचारेल म्हणून मी घाबरून बसायचे.

तिनं नाही विचारलं.

आज तिच्या अंगणात वंदनाताई आल्या. सोबत पिहू. आईपेक्षा उंच झालीय.

वंदनाताई शेजारणीला म्हणाल्या, "एक चूक झाली होती यांच्या हातून. पण बाई वाईट नव्हती."

मग मला राहवलं नाही.

"ताई, गेट मी उघडलं होतं. मावशी घरी नव्हती."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि मावशीच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ उठल्याच नाहीत.

पिहू गोंधळली. माझ्याकडे बघून विचारलं, "मम्मी, ये कौन हैं?"



मावशी, मी सांगितलं. तू गेल्यावर सांगितलं, याची लाज मला जन्मभर राहील.

माझ्या गुरूला, सुमनमावशीला, शेवटचा नमस्कार.