बॉबलिंगेनच्या बाथरूममधला मुद्देमाल

ती घटना विसरायला मी केव्हाच तयार होते, पण घरचे विसरू देत नाहीत. तेव्हा आधी कबुलीजबाब देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. परक्या देशात, अंगावर वर्दी नसताना, कसलाही अधिकार नसताना मी गांजा जप्त केला आणि पोटच्या मुलाच्या घरात वाळत घातला.

दोन हजार सालानंतरची ती मधली वर्षं. मी पोलीस निरीक्षक म्हणून नुकतीच निवृत्त झाले होते. निरोपाचा नारळ हातात पडला होता, पण डोक्यावरची टोपी काही उतरली नव्हती. मुलगा जर्मनीत बॉबलिंगेनला मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, सून सॉफ्टवेअरमध्ये. मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. दोघं कामावर गेली की बाईसाहेब, म्हणजे मीच, खिडकीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर पाठ करायच्या. कशासाठी, ते विचारू नका.

ऑक्टोबर संपत आला होता आणि पाऊस थांबत नव्हता. त्या इमारतीत कपडे घरात वाळवायची बंदी, कारण भिंतींना बुरशी धरते. त्यासाठी तळघरात सगळ्यांची मिळून एक खोली होती, ट्रोकनराउम. इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर साठीतला, मिशीवाला, अत्यंत शिस्तीचा. खिडकी किती उघडी ठेवायची यावरून तो सगळ्यांना बोलायचा. मागच्या दोऱ्यांवर कपडे घालायचे नाहीत, असाही त्याचा हुकूम होता. मला तो फार आवडायचा. आमच्या ठाण्यात असा एक हवालदार असता तर काय बहार आली असती, असं मी सुनेला म्हटलंही होतं.

एरवी खबर आणायला खबऱ्या लागतो. इथे माझं नाकच खबऱ्या निघालं. टॉवेल काढायला खाली गेले, तर साबणाच्या वासाखालून दुसराच वास आला. सातपुड्याच्या पायथ्याच्या ठाण्यात मी काही वर्षं काढली आहेत. कपाशीच्या आड लावलेला गांजा उपटून आणायचा आणि त्याचा पंचनामा करायचा, हे आमचं नेहमीचं काम. तो वास मी झोपेतही ओळखेन. मागच्या कोपऱ्यात एक मोडकं कपाट तिरकं उभं होतं. त्याच्या पाठीमागे सुतळीवर झाडं उलटी टांगलेली. कोणीतरी उन्हाळाभर घरी वाढवलेली असावीत. आणि एका फांदीवर बुरशीचा पांढरा ठिपका.

त्या ठिपक्याने घात केला. पावसाळ्यातला ओला गांजा पोत्यात भरून मालखान्यात टाकला की काय होतं, ते मी भोगलं आहे. माल कुजतो, वजन घटतं, आणि कोर्टात वकील विचारतो, ‘‘मॅडम, उरलेला कुठे गेला?’’ त्यामुळे मला गुन्हा नंतर दिसला, सडणारा पुरावा आधी दिसला. जर्मन पोलिसांना फोन करावा, हे मनात आलं नाही असं नाही. पण त्यांच्या हाती लाखेचं सील लावलेली तयार केस द्यावी आणि त्यांनी सॅल्यूट ठोकावा, असं चित्र डोळ्यांपुढे होतं. पंच म्हणून कोणी मिळेना. मनातल्या मनात पंचनामा केला, टॉवेलांखाली सगळा माल झाकला आणि लिफ्टने वर आणला.

पाहुण्यांचं छोटं बाथरूम मी एकटीच वापरायची. तिथे शॉवरच्या पडद्याआड माल टांगला, हीटर लावला, पंखा चालू ठेवला. मुलगा आठवडाभर कामासाठी परगावी होता. आता खोट्या बढाईशिवाय सांगते, माल झकास वाळत होता.

दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली आणि बूट काढता काढता थांबली. वासामागे चालत गेली, पडदा सरकवला.

‘‘आई, हे काय आहे?’’

‘‘मुद्देमाल.’’

‘‘कुणाचा?’’

‘‘आरोपी अज्ञात आहे. तपास चालू आहे.’’

‘‘अहो आई, ज्याच्या बाथरूममध्ये, त्याचा! मंगळवारी आमची आउसलेंडरबेहोर्डेत तारीख आहे. इथे कायमचं राहायचा परवाना मिळायचाय. सहा वर्षं थांबलोय आम्ही त्यासाठी. तुमच्या मुलाच्या नावावर गांजा लागला तर परवाना सोडा, नोकरी राहील का?’’

परदेशी लोकांचे परवाने देणारं ते कार्यालय मी बाहेरून पाहिलं होतं. पण मला लागलं ते दुसरंच. ज्याच्या कब्जात माल, तो आरोपी, हे मी स्वतः नव्या फौजदारांना शिकवायची. ‘मॅडम, माझं नाही हो, कोणीतरी आणून ठेवलं,’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं आणि प्रत्येक वेळी मनात हसले. आता तेच वाक्य माझ्या मुलाला पोलिसांपुढे म्हणावं लागणार होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

‘‘टॉयलेटमध्ये टाकते सगळं,’’ सून म्हणाली.

‘‘अगं, पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे.’’

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात बेल वाजली.

दारात हाउसमाइस्टर. हातात ओल मोजायचं यंत्र. म्हणाला, सगळ्या घरांतली बुरशी तपासतोय. तो आत आला. पण यंत्र भिंतीला लावायच्या आधी त्याने नाक वर केलं. मी एवढी वर्षं झडत्या घेतल्या आहेत. भिंत तपासायला आलेला माणूस आधी हवा हुंगत नाही. तो सरळ छोट्या बाथरूमकडे निघाला. सून आडवी आली. मी तिला म्हटलं, ‘‘जाऊ दे त्याला.’’

‘‘आई!’’

‘‘जाऊ दे म्हणते ना.’’

घरात अमली पदार्थ अचानक समोर आला की परका माणूस आधी तुमच्या तोंडाकडे बघतो. मालकाची नजर मालावर जाते. हाउसमाइस्टरने आमच्याकडे पाहिलंच नाही. पडद्याआडची एक काडी वाळली का, ते त्याने हळूच वाकवून बघितलं, मग बुरशीवाली फांदी शोधली. ती मी आधीच काढून टाकली होती. त्याच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला पाठीमागूनही दिसला.

स्वयंपाकघरात त्याला बसवलं. समोर चहा ठेवला, कारण चहा घेणाऱ्याला हात लपवता येत नाहीत. दुभाषी सून.

‘‘विचार, माल त्याचा आहे का?’’

‘‘नाइन,’’ तो म्हणाला, म्हणजे नाही.

‘‘मग सांग, आम्ही तो आत्ता टॉयलेटमध्ये टाकतोय.’’

‘‘नाइन!’’

हा दुसरा नकार म्हणजेच कबुली. मागच्या दोऱ्या, खिडकीची शिस्त, सगळं आपसूक उलगडलं. ज्याला मी आदर्श हवालदार समजत होते तो आपलं पीक सांभाळत होता. पाठदुखीसाठी लागतो, म्हणाला. आरोपी नेहमी औषधासाठीच म्हणतात. पण खुर्चीतून उठताना त्याने टेबलाचा आधार घेतला, तेही मी पाहिलं.

मग त्याने सुनेला काहीतरी विचारलं. ती मला म्हणाली, ‘‘आई, तो विचारतोय, तुम्ही पोलिसांना सांगणार का. आणि मला विचाराल तर आपल्यालाही त्याला तेच विचारायचंय.’’

नोकरीत असते तर त्याला सोडलं नसतं. पण मी नोकरीत नव्हते, ही गोष्ट त्या टेबलाशी पहिल्यांदा डोक्यात शिरली. समोर सुनेची बोटं कपाभोवती घट्ट आवळलेली होती. मी मान हलवली, नाही. त्यानेही हलवली. धुण्याच्या टोपलीत चादरीखाली माल भरून तो निघाला. दाराशी थांबून सुनेला म्हणाला, सासूबाईंनी वाळवलंय फार छान, गेनाऊ, म्हणजे अगदी असंच हवं. तिने ते भाषांतर मला तीन दिवसांनी सांगितलं. तोवर वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या टाकून आम्ही दोघी घरात स्वेटर घालून बसत होतो.

या केसने मला काय शिकवलं? वास घेण्यात माझी चूक झाली नाही, माणूस ओळखण्यातही नाही. चूक झाली ती आपल्याला कोणी बोलावलं नाही हे न कळण्यात. आणि ‘कोणीतरी आणून ठेवलं’ म्हणणाऱ्यांत एखादा खरं बोलत असेल, त्याच्या घरातही अशीच एखादी अतिउत्साही सासू असेल, हे कळायला मला निवृत्तीनंतर जर्मनी गाठावी लागली.

मंगळवारी परवाना मिळाला. मुलाला त्यानंतरच सगळं सांगितलं. तो आधी ओरडला, मग सोफ्यावर पडून हसत राहिला. सून हसली नाही. महिन्याभराने विमानतळावर तिने वाकून नमस्कार केला, माझा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘आई, पुढच्या वर्षी नक्की या. फक्त येताना रिटायर होऊन या.’’