दहा काड्यांचा गठ्ठा

दुपारचं जेवण उरकून यशवंत तोडकर फरशीवर चटई टाकून आडवे होतात. उशाशी एक खोकं आहे. त्यात कुमुदिनीच्या शेवटच्या तुकडीच्या वह्या आणि वर दहा काड्यांचा गठ्ठा, रबर लावलेला. काड्या त्यांनीच बांबू तासून केल्या होत्या. सगळी हयात वायरमनकीत गेली, हाताला तेवढं जमतं. चार वाजता त्याच तुकडीतली रुखसार मुजावर वह्या न्यायला येणार आहे. गठ्ठा मुठीत धरून ते कूस बदलतात. डोळा लागतोय म्हणावं तर लागत नाही.

स्वयंपाकघरात भांडं वाजतं.

"अहो, झोपलात?"

कुमुदिनीला जाऊन तीन महिने झाले. यशवंतरावांना ते ठाऊक आहे, तरी ते म्हणतात, "नाही. पडलोय नुसता."

ती दारात उभी आहे. खांद्याला कापडी पिशवी, अंगठ्याला खडू. शिक्षक व्हायला निघालेल्या मुलामुलींना ती कॉलेजात गणित शिकवायची आणि दर शुक्रवारी त्यांना घेऊन गावाबाहेरच्या दगडखाणीवर जायची. खाणीवरच्या मुलांना शिकवल्याशिवाय तिच्या विषयात कुणी पास होत नसे. पुस्तकात गणित कळतं, मूल कळत नाही, म्हणायची.

"चला. शुक्रवार आहे."

स्वयंपाकघराची पायरी उतरली की खाणच लागते. फडताळाच्या जागी कापलेला दगड उभा आहे, त्यावर काळा रंग फासून फळा केलाय. ओट्यावर मुलं मांडी घालून बसली आहेत. सगळ्यांची तोंडं धुळीनं पांढरी. कुठंतरी सुरुंगाची शिट्टी वाजते. यशवंतराव कान झाकतात, पण स्फोट होत नाही.

फळ्यावर बत्तीस वजा सतरा मांडलंय. खाली कुणीतरी पंचवीस लिहिलंय.

"चुकलंय," यशवंतराव म्हणतात. "फुली मार."

"इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलीत आणि अजून फुलीच? आधी विचारायचं, कसं केलंस."

"दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन काढले," ओट्यावरचं एक पोरगं सांगतं.

"दहाचा एक गठ्ठा सोडला असता तर बारा सुट्या झाल्या असत्या. मग गेले असते सात. का नाही सोडला?"

यशवंतरावांना उत्तर माहीत आहे. रुखसारच्या वहीत वाचलंय त्यांनी. या मुलांना आधी एक मास्तर होते. सुटी काडी हरवली की ते हातावर छडी मारत. म्हणून मुलं गठ्ठा सोडतच नाहीत. उलटी वजाबाकी करतात आणि गप्प बसतात.

"बावीस वर्षं मी तिथं जात होते," कुमुदिनी म्हणते, "पण हे त्या मुलीनं शोधलं. खाली बसून, एकेकाला विचारून. मग तिनंच खाणीवर जायचं का सोडलं?"

ओटा आता एसटी स्टँडचा बाक झालाय. दोघं शेजारी बसलेत. समोर गाडी उभी आहे, आत माणूस नाही.

"तिला वाटतं, तिनं 'आज याच' म्हणून फोन केला, म्हणून तू उन्हात खाणीवर गेलीस आणि तिथं पडलीस."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"तेच, जे सगळ्यांना सांगितलं. सकाळी ठणठणीत होती, काही बोलली नाही."

"कसं केलंत हे गणित?"

यशवंतराव जमिनीकडं बघतात. फरशीवर खडीची पूड आहे.

"सकाळी तू म्हणालीस, जबडा दुखतोय, डावा हात भरून आलाय. मी म्हटलं, पित्त असेल, रात्री भरीत हाणलंस ना. तू म्हणालीस, डॉक्टरकडं जाऊ या का? टाकी दुरुस्त करायला प्लंबर यायचा होता. मी म्हटलं, तुझं दर शुक्रवारी काहीतरी नवीन निघतं. मग माझ्या गाडीवर बसवून इथं स्टँडवर सोडलं. उतरताना तुझा हात धरला तर गार होता, कुमुद. मला कळलं होतं. तरी मी गाडी वळवली."

ती खांद्याची पिशवी मांडीवर घेते.

"चुकलो ना मी?"

"चुकलात." ती अंगठ्याचा खडू पदराला पुसते. तो पुसला जात नाही. "ते आता बरोबर होणार नाही. पण तुमची चूक त्या मुलीच्या नावावर कशी?"

"सांगितलं तर ती या घराची पायरी चढणार नाही. तुझं नाव काढणारं दुसरं कोण येतं इथं?"

"नाही चढणार कदाचित."

"मग?"

"गठ्ठा सोडा."

"काड्या हरवतील."

"हरवतील," ती म्हणते, उठते आणि रिकाम्या गाडीत चढते. ती मागं वळून बघेल म्हणून ते थांबतात. ती बघत नाही. पुन्हा शिट्टी वाजते, आणि या वेळी स्फोट होतो.

दाराची कडी वाजतेय. यशवंतराव चटईवर उठून बसतात. काड्या फरशीभर पांगल्यात. जुनं रबर तुटून त्यांच्या बोटाला चिकटलंय. ते काड्या गोळा करायला जातात. नऊच सापडतात.

"काका, झोपमोड केली का?" रुखसार दारातूनच विचारते. डोळे खोल गेलेत तिचे. "बसत नाही. वह्या घेते आणि जाते. कॉलेजात अर्ज द्यायचाय, कोर्स सोडत्येय मी."

उंबऱ्याजवळ दहावी काडी पडलीय. ती वाकून उचलते आणि पुढं करते.

यशवंतराव काडी घेत नाहीत. तुटलेलं रबर बोटाला तसंच आहे.

"त्या सकाळी," ते म्हणतात, "तुझ्या मॅडम मला काहीतरी म्हणाल्या होत्या."

काडी हातात धरून रुखसार उंबऱ्यावरच थांबते.