दयेचा गृहपाठ

ऐन गौरीच्या सणाला मी आमच्या अख्ख्या आळीचा नैवेद्य ओढ्यात सोडला. तोही स्वतः हात न लावता.

लग्न होऊन मुरबाडजवळच्या या गावात आले, तेव्हा मी बारावी पास होते. म्हणजे माझ्या मते जग सुधारायला पुरेशी. दर रविवारी मारुतीच्या देवळात पहिली ते चौथीच्या पोरांचा संस्कार वर्ग सुरू केला. श्लोक, आरत्या, देवांच्या गोष्टी. सासूबाईंना काही ते पटेना.

"पोरं श्लोक म्हनतात नि भायेर जाऊन एकमेकांना दगड मारतात. गौरीपत्तर बघते. फरक दिसला नाय तर वर्ग बंद. गुमान भात निंदायला यायचं."

निंदणीचं नाव ऐकताच माझी धर्मनिष्ठा दुप्पट झाली.

गौर आली तो नेमका रविवार. सकाळी मी दया शिकवली. प्रत्येक जिवात देव असतो, हे हात जोडून, डोळे मिटून सांगितलं आणि वर गृहपाठ दिला, "आज प्रत्येकाने अडकलेला एक तरी जीव सोडवायचा."

माझ्या डोळ्यांसमोर फुलपाखरं होती. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, त्यासाठी घरोघरी बादलीत जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, झाकून ठेवलेल्या असतात, हे काही डोळ्यांसमोर आलं नाही. (मिटलेलेच होते ना.)

संध्याकाळी गौर बसवली आणि त्याच चिंबोऱ्यांसाठी मी मसाला वाटायला घेतला. तेवढ्यात शेजारच्या वत्सावयनी दारात.

"गो, माझी बादली रिकामी हाय. पोरगा म्हनतो, देव सोडला ओढ्यात."

"आमचा पन सोडला," मागून आणखी एक आवाज.

मी आत धावले. मोठ्या जावेची सोनी, दुसरीतली, पालथ्या बादलीशेजारी उभी. चिंबोऱ्या घरभर. एक तर गौरीच्या नव्या साडीवरून वर निघालेली.

"सोने, काय केलंस हे?"

"गृहपाठ. मला बादली ओढ्यापत्तर उचलत नाय, म्हनून इथंच सोडल्या."

साडीवरची चिंबोरी मी पकडली, असं मी नातवंडांना सांगते. खरं तर तिनं माझा अंगठा पकडला.

"सोने, सोडव गो मला!"

सोनीनं जरा विचार केला. "काकी, माझा एक जीव सोडवून झालाय."

शेवटी सासूबाईंनीच चुलीजवळच्या चिमट्यानं मला सोडवलं. चिंबोऱ्या तोवर मोरीतून पसार. त्या वर्षी आळीतल्या गौरी वालाच्या बिरड्यावर जेवल्या, आणि मी सुजलेला अंगठा घेऊन निंदणीची मनाची तयारी करत बसले.

पानं वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "पोरांत फरक पडला गो, वर्ग चालू दे. पन फुडच्या रविवारी मी शिकवीन. तू पयलीच्या पोरांत बस."